साष्टीचे मतदार : मुंबई उपनगरांच्या लोकसभा मतदारसंघाचा वृत्तांत

जुन्या कागदांत परगणा, तर्फ, महाल हे शब्द येतात तेव्हां जाणता संशोधक प्रथम शीव पाहतो. नांव तेंच राहून मुलूख बदलला आहे, किंवा मुलूख तोच राहून नांव पालटलें आहे, असें वारंवार घडतें. आणि ही खबरदारी न घेतां केलेलें विधान कितीहि सुबक असलें तरी टिकत नाहीं. लोकसभेच्या मतदारसंघांचा इतिहास लिहितांनाहि हीच खबरदारी घ्यावी लागते, हें मात्र पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. पाऊणशें वर्षांपूर्वींची निवडणूक ही कालपरवांची गोष्ट, तींत संशोधन तें कसलें, असा एक समज आहे. त्या समजापायीं ‘उत्तर मुंबई’ ह्या एका नांवाखालीं तीन निरनिराळे मुलूख एकत्र केले जातात, आणि एका ठिकाणचा पराभव दुसऱ्या ठिकाणच्या मतदारांच्या माथीं मारला जातो. तो गोंधळ जमेल तितका निस्तरावा एवढ्यासाठीं हा लेख आहे.

मुंबई बेटाच्या उत्तरेस माहीमची खाडी ओलांडली कीं साष्टी लागते. सासष्ट गांवांवरून हें नांव पडलें अशी व्युत्पत्ति सांगतात. गोमंतकांतील साष्टीचीहि तशीच सांगतात. फिरंग्यांकडून हें बेट इ. स. १७३७ त मराठ्यांच्या हातीं आलें, पुढें दोन वर्षांनीं वसई पडली. १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनीं ठाण्याचा किल्ला घेतला आणि १७८२ च्या सालबाईच्या तहानें साष्टी त्यांच्याकडे कायम झाली. हा भाग वाचकांस परिचित आहे, तो येथें वाढवीत नाहीं. १८४५ त माहीमचा बांध, १८५३ त ठाण्यापर्यंत आगगाडी, १९२० त ठाणें जिल्ह्यांतून वेगळा काढलेला मुंबई उपनगर जिल्हा, आणि १९५० व १९५७ ह्या सालीं दोन खेपांनीं बृहन्मुंबईंत झालेला समावेश, एवढे टप्पे ध्यानांत असले म्हणजे पुरे. लोकसंख्येचे आंकडे मात्र दिले पाहिजेत, कारण पुढील सर्व फेरफारांचें मूळ त्यांत आहे. १९५१ च्या खानेसुमारींत शहर बेटांत सुमारें २३ लक्ष २९ हजार माणसें होतीं आणि उपनगरांत सुमारें ६ लक्ष ६५ हजार. २०११ च्या खानेसुमारींत शहर जिल्ह्यांत सुमारें ३० लक्ष ८५ हजार आणि उपनगर जिल्ह्यांत सुमारें ९३ लक्ष ५७ हजार. साठ वर्षांत मूळ गांव जवळजवळ होतें तेथेंच राहिलें आणि गांवाबाहेरचा पसारा त्याच्या तिप्पट झाला.

सर्व प्रौढ स्त्रीपुरुषांस मताधिकार मिळाल्यावर झालेल्या पहिल्या निवडणुकींत, म्हणजे १९५१-५२ सालीं, मुंबईच्या परिसरांत लोकसभेचे तीन मतदारसंघ होते : मुंबई शहर दक्षिण, मुंबई शहर उत्तर आणि मुंबई उपनगर. ह्यांपैकीं मुंबई शहर उत्तर हा दोन जागांचा होता. एक सर्वसाधारण, एक अनुसूचित जातींसाठीं राखीव. डॉ. बाबासाहेब आंबेडकर ह्या राखीव जागेसाठीं उभे होते. काँग्रेसचे नारायण काजरोळकर ह्यांना १,३८,१३७ मतें पडलीं, डॉ. आंबेडकरांना १,२३,५७६, अंतर १४,५६१ चें. दोन जागांच्या मतदारसंघांत मतदारास दोन मतें असत, पण तीं दोन्ही एकाच उमेदवारास देतां येत नसत. निकालानंतर डॉ. आंबेडकर आणि अशोक मेहता ह्यांनीं जो तक्रारअर्ज केला त्यांत ७४,३३३ मतपत्रिका बाद धरल्या गेल्याचा मुद्दा होता. एक मत कुजवा, असा प्रचार प्रतिपक्षाच्या एका गोटांतून झाला, असा त्यांचा आरोप होता. तो अर्ज फेटाळला गेला. बाद पत्रिकांची संख्या पराभवाच्या अंतराच्या पांचपटीहून अधिक होती हें पाहिलें म्हणजे तक्रार करणारांस ती करावीशी कां वाटली हें समजतें.

हा प्रसंग ‘उत्तर मुंबईंत’ घडला असें सर्वत्र लिहितात. अक्षरशः तें खरें आहे. परंतु पुढें कृष्ण मेनन जेथून निवडून आले, किंवा त्याहूनहि पुढें राम नाईक जेथून पांचदां निवडून आले, ती उत्तर मुंबई ही नव्हे. १९५२ ची मुंबई शहर उत्तर म्हणजे शहर बेटाचाच उत्तर भाग : गिरणगांव, दादर, त्यांच्या आसपासचा प्रदेश. माहीमच्या खाडीपलीकडची साष्टी त्यांत नव्हती. डॉ. आंबेडकरांचा पराभव साष्टीच्या मतदारांनीं केला असें सुचविणारें लिखाण आमच्या पाहण्यांत आलें आहे. तें शिवेच्या अज्ञानांतून आलेलें आहे. साष्टीच्या मतदारांनीं त्या सालीं काय केलें तें निराळें आहे, आणि तेंहि नमूद करण्याजोगें आहे.

मुंबई उपनगर ह्या मतदारसंघानें १९५२ त काँग्रेसच्या जयश्री रायजी ह्यांना निवडून दिलें. ह्या बडोद्याचे दिवाण सर मनुभाई मेहता ह्यांच्या कन्या. पहिल्या लोकसभेंत स्त्रियांची संख्या अगदीं थोडी होती. त्याच निवडणुकीच्या याद्या तयार होत असतां, उत्तरेकडील प्रांतांत लक्षावधि स्त्रियांनीं आपलें नांव न सांगतां अमक्याची बायको, तमक्याची आई एवढेंच सांगितलें. त्यामुळें सुमारें २८ लक्ष स्त्रियांचीं नांवें यादींतून गाळावीं लागलीं, असें निवडणूक आयोगाच्या वृत्तांतावरून कळतें. ह्या पार्श्वभूमीवर साष्टीनें आपला पहिलाच प्रतिनिधि एक स्त्री निवडली, ही गोष्ट स्थानिक इतिहासकारांनीं आजवर उपेक्षिली ह्याचें आम्हांस नवल वाटतें.

ह्या निवडणुकीशीं साष्टीचा आणखी एक संबंध आहे, आणि तो संग्राहकांस विशेष रुचेल. त्या वेळीं मतपत्रिकेवर खूण करावयाची नसे. प्रत्येक उमेदवाराची निराळी पेटी असे, तिच्यावर त्याचें चिन्ह डकविलेलें असे, आणि मतदारानें आपली पत्रिका हव्या त्या पेटींत टाकावयाची असे. साहजिकच पेट्या फार लागल्या. त्यांपैकीं बारा लक्षांहून अधिक पोलादी पेट्या विक्रोळी येथें, गोदरेजच्या कारखान्यांत, कांहीं महिन्यांच्या अवधींत तयार झाल्या. हिंदुस्थानच्या कानाकोपऱ्यांत त्या सालीं ज्या पेट्यांत मतें पडलीं त्यांतल्या पुष्कळशा साष्टीच्या मातींतून गेलेल्या होत्या. ह्या पेट्यांपैकीं एखादी कोणाच्या संग्रहीं असेल तर तिचें मोल तिच्या पत्र्यावर ठरवूं नये.

१९५७ च्या निवडणुकीच्या वेळीं फेररचना झाली. मुंबई शहर दक्षिण राहिला. शहर बेटाच्या मधल्या भागाचा मुंबई शहर मध्य हा दोन जागांचा मतदारसंघ झाला. आणि उपनगरांस आतां मुंबई शहर उत्तर हें नांव मिळालें. गोंधळाचें मूळ येथें आहे. नांव खाडी ओलांडून उत्तरेस सरकलें, आणि जुन्या नांवाचा मुलूख दुसऱ्या नांवानें ओळखला जाऊं लागला.

हीं दिवस संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे. मुंबई शहर मध्यमधून श्रीपाद अमृत डांगे निवडून गेले. साष्टींत मात्र काँग्रेसचे व्ही. के. कृष्ण मेनन उभे राहिले. त्याच वर्षीं जानेवारींत संयुक्त राष्ट्रसंघाच्या सुरक्षा समितींत काश्मीरवर त्यांनीं जें प्रदीर्घ भाषण केलें त्यामुळें त्यांचें नांव घरोघर झालें होतें. त्यांच्यासमोर प्रजासमाजवादी पक्षाचे पीटर आल्व्हारिस होते. हा पक्ष संयुक्त महाराष्ट्र समितीचा एक घटक होता. मेनन ह्यांना १,७१,७०८ आणि आल्व्हारिस ह्यांना १,२३,९६७ मतें पडलीं. ४७,७४१ मतांनीं मेनन निवडून आले. भाषिक प्रश्न एवढा तापलेला असतांना मलबारच्या गृहस्थास साष्टीनें निवडावें, ह्याचा उलगडा पुष्कळ जण केवळ उपनगरांतील गुजराती वस्तीवरून करतात. तें कारण खरें आहे, पण पुरेसें नाहीं असें आमचें मत आहे. कां, तें पुढें येईल.

पराभूत उमेदवाराविषयीं दोन शब्द. पीटर आल्व्हारिस हे गोव्याच्या मुक्तिलढ्यांतले पुढारी, नॅशनल काँग्रेस (गोवा) ह्या संघटनेचे अध्यक्ष. साष्टीनें त्यांना नाकारलें. पुढें गोवा मुक्त झाल्यावर, डिसेंबर १९६३ च्या तेथील पहिल्या निवडणुकींत, महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षातर्फे ते पणजीहून लोकसभेवर गेले. आणि ज्या कारवाईनें गोवा मुक्त झाला त्या डिसेंबर १९६१ च्या कारवाईच्या वेळीं संरक्षणमंत्री कोण, तर १९५७ त त्यांना हरविणारे कृष्ण मेननच. इतिहासाच्या असल्या गांठी कादंबरीकारानें घातल्या तर वाचक विश्वास ठेवणार नाहीं.

१९६२ ची निवडणूक ही ह्या मतदारसंघाच्या वृत्तांतांतली सर्वांत गाजलेली. संरक्षणमंत्री मेनन ह्यांच्याविरुद्ध आचार्य जे. बी. कृपलानी उभे राहिले. कृपलानी १९४६-४७ त काँग्रेसचे अध्यक्ष होते, गांधीजींचे चंपारण्यापासूनचे सहकारी, आणि वय चौऱ्याहत्तरांच्या घरांत. परस्परांशीं एरवीं न जुळणारे पक्ष त्यांच्या पाठीशीं आले : प्रजासमाजवादी, स्वतंत्र, जनसंघ. प्रश्न साष्टीचा राहिलाच नाहीं. चीनच्या सरहद्दीविषयीं सरकारचें धोरण, सेनापति थिमय्या ह्यांच्याशीं १९५९ त झालेला मेनन ह्यांचा बेबनाव, साम्यवाद्यांशीं त्यांची जवळीक, हे विषय पार्ल्यापासून मुलुंडपर्यंत चावडीचावडीवर चर्चिले गेले. पंडित नेहरूंनीं ही निवडणूक स्वतःची मानली. त्यांच्या शब्दाखातर दिलीपकुमार मेनन ह्यांच्या प्रचारास उतरले, आणि चित्रपटांतील नटानें लोकसभेच्या प्रचारांत उतरण्याचा पुढें जो रिवाज पडला त्याचा एक आरंभ येथें झाला.

ह्याच निवडणुकीपासून देशभर जुनी पेट्यांची पद्धति जाऊन पत्रिकेवर शिक्का मारण्याची पद्धति आली. म्हणजे साष्टीच्या मतदारानें कृपलानी आणि मेनन हीं दोन नांवें एकाच कागदावर पाहिलीं. निकाल एकतर्फी लागला. मेनन ह्यांना कृपलानींच्या जवळजवळ दुप्पट मतें पडलीं आणि मतदारसंघांतील सहाहि विधानसभा विभागांत त्यांना आघाडी मिळाली. गोवा दोन महिन्यांपूर्वींच मुक्त झाला होता, हें त्या यशाच्या हिशेबांत धरलें पाहिजे.

त्याच वर्षाच्या ऑक्टोबरांत चीनचें आक्रमण झालें. मेनन ह्यांच्याकडून प्रथम संरक्षण खातें गेलें, मग नोव्हेंबरांत मंत्रिपद गेलें, आणि यशवंतराव चव्हाण दिल्लीस गेले. साष्टीनें नाकारलेले कृपलानी १९६३ त अमरोह्याच्या पोटनिवडणुकींतून लोकसभेंत आले आणि ऑगस्टांत नेहरूंच्या मंत्रिमंडळाविरुद्ध पहिला अविश्वासाचा ठराव त्यांनींच मांडला. मतदारांचा कौल आणि घडामोडींचा कौल ह्यांत आठ महिन्यांचेंच अंतर पडलें. ह्यावरून साष्टीचे मतदार फसले असा निष्कर्ष कांहीं लेखक काढतात. आमच्या मतें तो अन्याय आहे. फेब्रुवारींत जें कोणासच ठाऊक नव्हतें तें त्यांना ठाऊक असावयास हवें होतें असें म्हणणें हा बखरकाराचा दोष आहे. बखरकारहि शेवट माहीत झाल्यावरच आरंभीं अपशकुन घालतो.

१९६७ च्या फेररचनेंत मुंबईस पांच जागा आल्या. उपनगरांचे दोन मतदारसंघ झाले, वायव्य आणि ईशान्य, आणि ‘उत्तर’ हें नांव नाहींसें झालें. काँग्रेसनें मेनन ह्यांना उमेदवारी नाकारली. ते महाराष्ट्रीय नाहींत हें त्याचें उघड सांगितलें गेलेलें कारण. मेनन पक्षांतून बाहेर पडून ईशान्य मुंबईंत अपक्ष उभे राहिले. काँग्रेसनें त्यांच्यासमोर स. गो. बर्वे ह्यांना उभें केलें. बर्वे सनदी सेवेंतले. पुणें महापालिकेचे ते पहिले आयुक्त. १९६१ त पानशेतच्या पुरानंतर पुण्याची घडी बसविण्याच्या कामांत त्यांचें नांव झालें. आणि बृहन्मुंबईच्या प्रश्नांसाठीं १९५८ त नेमलेल्या अभ्यासमंडळाचे अध्यक्ष तेच. खाडीपलीकडे वस्ती न्यावी आणि ठाण्याच्या खाडीवर पूल बांधावा, ही शिफारस त्या मंडळाची. आदल्या वर्षीं जूनमध्यें स्थापन झालेल्या शिवसेनेनें बर्व्यांची बाजू घेतली. बर्वे १३,१६९ मतांनीं निवडून आले. पण मार्चमध्येंच त्यांचें निधन झालें. पोटनिवडणूक लागली; काँग्रेसनें त्यांच्या भगिनी तारा सप्रे ह्यांना उभें केलें, आणि त्यांनीं मेनन ह्यांचा बंधूंहूनहि अधिक मतांनीं पराभव केला. मेनन पुढें १९६९ त बंगालमधील मिदनापूरहून आणि १९७१ त त्रिवेंद्रमहून लोकसभेंत गेले. साष्टीकडे ते परत आले नाहींत.

येथें ह्या लेखाचा मुख्य वाद येतो. १९६७ चा निकाल म्हणजे मराठी मतदाराचा परप्रांतीयास दिलेला नकार, असें सरसकट लिहिलें जातें. तसें असतें तर त्याच भूमींत दहा वर्षांनीं काय घडलें ह्याचा मेळ लागावयास हवा. १९७१ त ईशान्येंत राजा कुलकर्णी आणि वायव्येंत हरि रामचंद्र गोखले, दोघेहि काँग्रेसचे, निवडून आले. गोखले पुढें आणीबाणीच्या काळीं कायदेमंत्री होते. १९७७ त ईशान्य मुंबईनें जनता पक्षाचे सुब्रह्मण्यम् स्वामी ह्यांना निवडलें; ते तामीळ. वायव्य मुंबईनें गोखल्यांना पाडून राम जेठमलानींना निवडलें, ते सिंधी. मराठी कायदेमंत्री हरला आणि शिकारपूरचा वकील जिंकला. १९८० त, देशांत वारें फिरलें असतांहि, ह्या दोघांना त्याच मतदारांनीं पुन्हां पाठविलें. मग १९६७ त मेनन हरले तें केवळ मलबारी म्हणून, हें कसें मानावें? चीनच्या युद्धाचा डाग, पक्षाचें पाठबळ गेलेलें, आणि समोर बर्व्यांसारखा उमेदवार, हीं तीन कारणें आम्हांस जन्मप्रांताहून वजनदार वाटतात. शिवसेनेचा प्रचार होता आणि तो परिणामकारक होता हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु मेनन त्या प्रचारासमोरहि अवघ्या तेरा हजारांनीं पडले, हा आंकडा दुसऱ्या बाजूनेंहि वाचला पाहिजे. १९५७ चा उलगडा केवळ गुजराती मतांवर करूं नये असें वर म्हटलें तें ह्याच कारणानें : साष्टीचा मतदार बहुधा देशाच्या प्रश्नावर मत देत आलेला दिसतो, आणि उमेदवाराचें गांव तो दुसऱ्या खेपेस विचारतो.

१९७७ त मुंबईच्या जागा सहा झाल्या आणि ‘उत्तर मुंबई’ हें नांव तिसऱ्यांदां अवतरलें, आणखी उत्तरेस. खाडीपलीकडच्या वसईचा विधानसभा विभागहि त्यांत घातला होता. चिमाजी आप्पांच्या मोहिमेचे कागद वाचणारास साष्टी आणि वसई पुन्हां एका हिशेबांत आलेलीं पाहून मौज वाटेल. येथून १९७७ त मृणाल गोरे निवडून आल्या. गोरेगांवच्या नळाच्या पाण्यासाठीं हंडे घेऊन झगडणारी म्हणून त्यांना ‘पाणीवाली बाई’ म्हणत, आणि त्या दिल्लीस गेल्या व इंदिराबाई हरल्या तेव्हां ह्या नांवावरून एक घोषणा सर्वतोमुखीं झाली होती. १९८० त रवींद्र वर्मा, १९८४ त अनूपचंद शहा, आणि १९८९ पासून १९९९ पर्यंत लागोपाठ पांच निवडणुकांत भारतीय जनता पक्षाचे राम नाईक. २००४ त चित्रपटनट गोविंदा ह्यांनीं नाईकांना हरविलें. १९६२ चा रिवाज प्रचारकापासून उमेदवारापर्यंत पोंचला. २००९ च्या निवडणुकीपूर्वीं पुन्हां फेररचना होऊन वसई नव्या पालघर मतदारसंघांत गेली. त्या सालीं संजय निरुपम सहा हजारांच्या आंतल्या मतांनीं आले. पुढें २०१४ आणि २०१९ त गोपाळ शेट्टी प्रत्येक वेळीं चार लक्षांहून अधिक अंतरानें, आणि २०२४ त पीयूष गोयल.

ईशान्य मुंबईची चाल निराळी. स्वामींच्या नंतर, म्हणजे १९८४ पासून २०२४ पर्यंत, तेथून एकहि सदस्य लागोपाठ दोनदां निवडून आला नाहीं. गुरुदास कामत चारदां आले, पण प्रत्येक वेळीं मध्यें दुसरा कोणी बसून गेल्यावर. संजय दिना पाटील २००९ त २,९३३ मतांनीं आले आणि नंतर पंधरा वर्षांनीं, २०२४ त. आणि वायव्य मुंबईंत २०२४ त रवींद्र वायकर ह्यांनीं अमोल कीर्तिकर ह्यांना ४८ मतांनीं हरविलें. प्रत्येकास साडेचार लक्षांहून अधिक मतें असतांना. १९५२ प्रमाणें येथेंहि वाद बाद पत्रिकांवर आला, ह्या वेळीं डाकेनें आलेल्या. आणि त्या वेळेप्रमाणें ह्याहि वेळीं तक्रार फेटाळली गेली.

साधनांविषयीं थोडें लिहून हा लेख पुरा करतों. मतपत्रिका ठराविक मुदतीनंतर कायद्यानेंच नष्ट होतात. त्यांचा शोध व्यर्थ आहे. आयोगाचे छापील आंकडे मिळतात, पण त्यांवरून कोणत्या वाडीनें कोणाकडे कौल दिला तें कळत नाहीं. तें कळण्यास मतदारयाद्या, केंद्रवार तक्ते, उमेदवारांचीं पत्रकें, भित्तिपत्रकें आणि कार्यकर्त्यांच्या वह्या लागतात. हे कागद दप्तरखान्यांत गेलेले नाहींत; ते माळ्यांवर आणि रद्दींत आहेत. शंभर वर्षांपूर्वीं मोडी दप्तरांची जी गत वाण्यांच्या दुकानीं होत होती तीच ह्यांची होत आहे. ज्यांच्या संग्रहीं १९५२, १९५७, १९६२ अथवा १९६७ च्या साष्टींतील कोणत्याहि गांवची मतदारयादी, किंवा मेनन-कृपलानी आणि मेनन-बर्वे ह्या निवडणुकांचें एखादें पत्रक असेल, त्यांनीं त्याची नक्कल ह्या त्रैमासिकाकडे पाठवावी. यादीचें पहिलें पान फाटलेलें असलें तरी चालेल. गांवाचें नांव आणि भाग क्रमांक शाबूत असला म्हणजे शीव लावतां येते.